निशिगंधाचा बिडाचा तवा

मी, वच्छलाबाई बेवा बापूजी भोयर, वय अडुसष्ट, धंदा शेती व घरकाम, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोटातल्या गाठीबद्दल यवतमाळच्या डॉक्टरांनी माझा मुलगा कपिल याला बाजूला नेऊन जे सांगितले, ते मी पडद्याआडून ऐकले आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून लिहूनही घेतलेले नाही. वकिलांनी थोडक्यात लिहा म्हटले होते, ते मला जमणार नाही.

एक. राहते घर व माझ्या नावचे शेत कपिलला द्यावे. तो पुण्याला कंपनीत आहे, परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. त्याने खुशाल विकावे. विकताना धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजाऱ्याशी वाद घालू नये. ते भांडण त्याच्या वडिलांचे होते, त्यांच्याबरोबर संपले.

दोन. माझी पोत व कानातले नात सलोनी हिला, ती सज्ञान झाल्यावर द्यावे. तोवर कपिलने सांभाळावे. जावई जीवन यांच्या हाती देऊ नये. कारण पुढे लिहिले आहे.

तीन. बिडाचा तवा.

लेक निशिगंधा हिच्या लग्नात मी दारव्ह्याच्या बाजारातून बिडाचा तवा आणि कढई घेतली. नवे बीड खरखरीत असते, त्याला सगळे चिकटते. म्हणून लग्नाआधी मी दोन्ही भांडी घरी वापरून, तेल पाजून काळीभोर केली आणि मग तिच्याबरोबर घाटंजीकडे तिच्या सासरी पाठवली. "आई, माह्या सासूले वाटन जुनी भांडी देल्ली," ती म्हणाली होती. पण पुढे फोनवर तिनेच सांगितले, की धिरडे कसे अलगद सुटते.

चार वर्षांपूर्वी ती डेंग्यूने गेली. सलोनी तेव्हा तीन वर्षांची. निशिगंधा घरात तापाने फणफणत पडली होती आणि जीवन यांनी मला कळवले ते तिला यवतमाळला हलवल्यानंतर. मी पोचले तेव्हा ती बोलत नव्हती. त्यांनी त्याच वर्षी दुसरे लग्न केले, त्याचा मला राग नाही. घरात लहान पोर होती. कळवले नाही, याचा राग आहे आणि तो मी बरोबर नेणार आहे. माझ्या तिरडीला त्यांनी खांदा देऊ नये.

लग्नानंतर मी नातीला भेटायला गेले. अंगणाच्या आत कोणी घेतले नाही. जीवन यांच्या आईने गोठ्याच्या वळचणीखालून एक पोते ओढून आणले. "ईनबाई, हे तुमच्या पोरीचं भंगार. नेत असान तं न्या, नाही तं भंगारवाला येतेच."

पोत्यात तवा आणि कढई होती. पावसाळा त्यांच्यावरून गेला होता. हात लावला की लाल भुगा निघत होता. बसमध्ये माझे लुगडे लाल झाले.

कढईला काठापासून बुडापर्यंत तडा होता. ती मी आमच्या गावातले वेल्डिंगवाले देवीलाल यांच्याकडे नेली. त्यांनी बोटाने वाजवून पाहिली. "काकू, साधं लोखंड असतं तं जोडून देल्लं असतं. हे बीड हाये. इकडे जोडलं का तिकडे फुटते." कढई त्यांच्याच दुकानात राहिली.

तवा मात्र आख्खा होता. मी तो विटेच्या तुकड्याने घासला, मग पॉलिश पेपरने. चिंचेच्या पाण्यात थोडा वेळच ठेवला, कारण जास्त ठेवला तर आंबट बिडालाही खाते. राखेने धुतला. ओला ठेवला की डोळ्यांदेखत पुन्हा गंज धरत होता, म्हणून लगेच चुलीवर वाळवला. जवसाचे तेल फडक्याने अगदी पातळ लावून धूर निघेपर्यंत तापवला, निववला, पुन्हा लावला. असे किती दिवस केले ते मोजले नाही. मला वाटत होते, तवा सुधारला की नात उन्हाळ्यात माझ्याकडे येईल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला तेव्हाही कळत होते.

पहिले धिरडे सुटले तेव्हा मी जीवन यांना फोन केला. पाहू, म्हणाले. दोन उन्हाळे ते पाहूच म्हणत राहिले.

मग मी नातीच्या शाळेत जाऊ लागले. शाळा सुटली की सलोनी फाटकाजवळ यायची, उभी राहायची, फार बोलायची नाही. गेल्या वर्षी मी डब्यात धिरडी नेली. तिने डब्याकडे पाहिले. "मम्मीनं सांगतलं, बाहेरचं खायाचं नाही."

"कोनती मम्मी वं?" मी विचारले.

तिने रस्त्याकडे बोट दाखवले. जीवन यांची बायको बबिता तिला न्यायला येत होती. तिला पाहताच सलोनी पळत गेली आणि तिच्या कमरेला बिलगली. तशी ती निशिगंधाला बिलगायची.

बबिताने पोरीला शाळेसमोरच्या दुकानापाशी उभे केले आणि एकटी माझ्याकडे आली. मी भांडायच्या तयारीत होते. ती हळू बोलली.

"काकू, राग नका मानू. तुमी येऊन गेल्या का हे पोरगी दोन-दोन दिवस जेवत नाही. झोपीतून उठून इचारते, माही खरी आई कुठी हाये. मी काय सांगू तिले? तुमीच सांगा."

मी दुकानाकडे पाहिले. पोरीची वेणी नीट घातलेली होती, गणवेश स्वच्छ होता. शोधूनही मला खोट सापडली नाही.

"मी आता येत नाही," मी म्हटले. डबा तिच्या हाती दिला. पुढच्या आठवड्यात गावातल्या एकाबरोबर तो परत आला. घासलेला होता, रिकामा होता. धिरडी कोणी खाल्ली ते मी विचारले नाही.

त्यानंतर मी गेलेली नाही.

तवा मी आधी सलोनीच्या नावे लिहिला होता, ते खोडले आहे. तिला तो देताना कोणाचा हे सांगावे लागेल. कपिलची बायको म्हणते, तो तिला जड होतो, आणि ते खरेच आहे. म्हणून तो कोणाच्याही नावे करत नाही. हात चालतो तोवर मी तेल लावीन. मागून गंज चढेल, तो चढू द्यावा.

चार. माझ्या मरणाची खबर घाटंजीकडे पाठवू नये. कपिल, तुला वाटेल नातीने शेवटचे तोंड पाहावे. पाहू नये. तिला त्या रात्री झोप लागली पाहिजे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

सही: वच्छलाबाई बापूजी भोयर

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. देवीलाल धरमसिंग राठोड, वेल्डिंग दुकान, बोरी अरब
२. ममता संजय जाधव, आशा सेविका, बोरी अरब

ठिकाण: बोरी अरब
तारीख: १४ नोव्हेंबर २०२४