निरोगी रोपांचा ठराव

८ जुलै, सकाळी
खान्देश जैवविज्ञान उद्योग संघाचा तिसऱ्यांदा अध्यक्ष. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, याला विश्वास म्हणतात.
संकल्प: यापुढे रागवायचं नाही.

८ जुलै, दुपारी
रागावलो. सत्काराच्या बॅनरवर सेक्रेटरी प्रेमराजचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. तो धुळ्यात जैविक खतं बनवतो. मी जळगावात टिश्यू कल्चरची केळी-रोपं बनवतो. फरक आहे की नाही?

११ जुलै
शिरपूरकडचे झुलाल आबा. माझ्याच लॅबची चार हजार रोपं त्यांच्या शेतात. फोनवर म्हणाले, पानांवर पिवळ्या रेघा. मी सांगितलं, पाणी जास्त झालं. ते म्हणाले, पाऊसच नाही. मग सांगितलं, पाणी कमी पडलं. पुन्हा काही बोलायला लागले. फोन ठेवला. शास्त्र समजून घ्यायची तयारीच नाही लोकांची.

१५ जुलै
मीटिंग. चोपड्याच्या ज्योत्स्नाबाई, त्यांचीही केळीची लॅब. म्हणे व्हायरस पसरतोय, सगळ्यांनी पंधरा दिवस रोपविक्री थांबवू या. ऐन लागवडीत! टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास प्रेमराजच्या मांडीवर. त्याचं चुकलं, इतकं जवळ बसायचं नाही.
आता कळलं. व्हायरस हिच्याच लॅबमधला. म्हणून एवढी घाई.

१६ जुलै
ठराव मीच लिहिला. प्रत्येक सभासदाची रोपं पुण्याला तपासायची. रिपोर्ट सीलबंद. भर सभेत उघडायचा, दोषी लॅबचं नाव अध्यक्ष स्वतः वाचणार. प्रेमराज म्हणाला, आधी आपण एकदा बघून घेऊ का? भित्रा माणूस. त्याला झापलं. ठराव एकमताने मंजूर. ज्योत्स्नाबाईंनी सगळ्यांत आधी हात वर केला. हा निव्वळ निगरगट्टपणा.

१८ जुलै
झुलाल आबांचे सहा मिस्ड कॉल. ब्लॉक केलं.

२५ जुलै
रिपोर्ट उघडला. चोपडा निर्दोष. बाकी सगळे निर्दोष. दोषी एकच.
नाव वाचलं. आवाज स्पष्ट होता, हे नमूद करतो. मग म्हणालो, नमुने बदलले गेले. प्रेमराज म्हणाला, नमुने तुम्हीच सील केले होते. सभेतून उठून आलो.

२६ जुलै
राजीनाम्याच्या पत्रात 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहिलं. ज्योत्स्नाबाईंनी फोन केला. माझ्या गिऱ्हाइकांना बदली रोपं त्या देणार, पण आधी आजारी झाडं उपटायला हवीत, म्हणाल्या. रागावणार होतो. गिऱ्हाइकांची यादी पाठवून दिली.

२७ जुलै
शिरपूरला गेलो. आबांना सांगायचं भाषण गाडीत तयार केलं होतं: हवामान, तापमान, जागतिक परिस्थिती. ते एकटेच रोपं उपटत होते. मला बघून म्हणाले, "साहेब, बराच पिवळा व्हई ग्यात." आणि पुन्हा वाकले.
भाषण राहिलं. बूट काढून मीही सरीत उतरलो. तासाभरात तीन ओळी केल्या. बरं वाटत होतं. निदान हे काम तरी मला नीट येतं.
आबा मागून आले. माझ्या ढिगातलं एक रोप उचलून उलटंसुलटं बघितलं. अजिबात न चिडता म्हणाले, "हाई चांगलं व्हतं."