गोट्याखालचं पाणी

मॅडम, तुमची चूक सापडली. हे वाक्य लिहायला मला कित्येक दिवस लागले, आणि लिहून झाल्यावरही ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं असं वाटतंय. चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये तुम्ही आम्हाला मायक्रोप्रोसेसर शिकवायचात तेव्हा तुमची चूक काढायची कुणाची टाप नव्हती. उन्हाळ्यात लॅबमधला कूलर नुसती गरम वाफ फेकायचा, आम्ही ओले रुमाल मानेवर टाकून बसायचो, आणि तुम्ही मात्र कडक इस्त्रीच्या साडीत उभ्या. प्रोग्राम चालला म्हणून कुणी खूश झालं की तुमचा एकच प्रश्न असायचा, असेंब्ली काढली का? मग कंपायलरला मध्येच थांबवणारी कमांड द्यायची, आपल्या प्रोग्रामचं त्यानं प्रोसेसरच्या भाषेत काय केलं ते पडद्यावर आणायचं, आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायची. मी एकदा म्हणाले होते, मॅडम, कंपायलरनं एकही वॉर्निंग दिली नाही, म्हणजे बरोबरच असणार. तुम्ही माझा कीबोर्ड बाजूला सारलात. "वॉर्निंग नाई म्हंजे बरोबर हाय, हे तुले कोणं सांगतलं? मशीनले तुयं मन नाई समजत, बाई. तिच्या हाती का पडलं थे पाय." अख्खा वर्ग हसला. मी रडकुंडीला आले होते, पण त्या दिवसापासून मी तुमचीच झाले.

आणि त्याच तुम्ही पुराचा इशारा देणारी पेटी बसवायला आमच्या गावी आलात तो दिवस मला आत्ताही समोर दिसतो. अहेरीच्या पुढं, प्राणहितेच्या काठावर. मायनं चुलीपाशी पाट मांडलाय, तुम्ही मासे खात नाही म्हणून तिची तारांबळ उडालीय, आणि शेवटी लाखोळीच्या डाळीचे वडे तळून तिनं वेळ मारून नेलीय. तुम्ही खात खात विचारताय, "पाणी चढून राह्यलं हे तुमाले कसं समजते, बाई?" कारण आमच्याकडे आभाळ कोरडं ठणठणीत असतानाही पूर येतो. वर कुठं तरी धरणाचं पाणी सुटतं आणि इथं काठावर जाळं टाकून बसलेल्या माणसाच्या कमरेला लागतं. माय म्हणाली, "काळा गोटा हाय ना मॅडम. पाणी गोट्याच्या खाली दोन वीत, म्हंजे काई नाई. गोट्याच्या वर दहा वीत, म्हंजे लेकरं घिऊन शाळेकडं पळाचं." नदीच्या पात्रातल्या त्या भल्यामोठ्या काळ्या गोट्यावरूनच आमचं गाव पाणी मोजतं. वरच्या साहेबांना समुद्रसपाटीपासूनची उंची हवी होती. तुम्ही त्यांना ऐकवलंत, "समुद्र हिच्या मायनं पाह्यला काय?" आणि तुम्ही प्रोग्राम लिहिलात तो गोट्याच्या हिशेबानं. गोट्याचा माथा म्हणजे शून्य, त्याच्या खालचं पाणी उणे, वरचं अधिक, आणि दहा वीत वर गेलं की खांबावरचा भोंगा वाजणार. भोंग्याचं नावच पडलं, मॅडमचा भोंगा. तुम्ही कायमच्या गेलात त्यानंतरच्या एका पावसाळ्यात तो लख्ख उन्हात वाजला, कुणी आभाळाकडे पाहत बसलं नाही, सगळं गाव टेकडीवरच्या शाळेत चढलं. तासाभरात आमच्या अंगणात पाणी होतं. एकही माणूस गेलं नाही.

मग पेटीतली तुमची ती जुनी प्रोसेसरची चिप मिळेनाशी झाली. मी आता चंद्रपुरात अशीच यंत्रं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे, तेव्हा आमच्या गावची पेटी बदलायचं काम माझ्याकडे यायचंच होतं. प्रोग्राम तुमचाच ठेवला. त्याला हात लावायचा माझा धीर नव्हता आणि गरजही वाटली नाही. कंपायलरला फक्त सांगितलं की या वेळी हे नव्या प्रोसेसरसाठी करून दे. त्यानं निमूटपणे करून दिलं, एक वॉर्निंग नाही. टेबलावर आम्ही खोटे आकडे देऊन पूर आणून पाहिला, आठ वीत, दहा वीत, पंधरा वीत. भोंगा जिथं वाजायला हवा तिथंच वाजला. पाणी गोट्याच्या खाली असताना काय होतं हे पाहायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण नसलेला पूर कोण तपासतो? दसऱ्यानंतर पेटी बसवली तेव्हा नदी भरलेली होती, पाणी गोट्याच्या वर होतं. सगळं ठीक चाललं होतं.

थंडीत एका सकाळी पाणी उतरता उतरता गोट्याच्या खाली गेलं आणि भोंगा वाजायला लागला. मी तिथं नव्हते, हे मला मागाहून कळलं. चुली पेटत्या टाकून बाया निघाल्या. शेजारच्या घरची सून आदल्या दिवशी बाळंत झाली होती, तिला बाळासकट खाटेवर घालून चौघांनी टेकडीवर नेलं. बाबांनी जाळं पाण्यातच सोडलं. वर जाऊन सगळे खाली बघतात तर नदी मांजरासारखी पडलेली, वाळू उघडी, आणि भोंगा आपला ओरडतोच आहे. दुपारपर्यंत थांबला नाही. शेवटी पोरांनी खांबावर चढून त्याच्या तोंडात गोणपाट कोंबलं. बाबांचा फोन आला. "तुया मॅडमचा भोंगा खोटं बोलून राह्यला, बाई. आता तो वाजला तरी कोणी उठणार नाई, सांगून ठेवतो."  भोंगा बंद पडला असता तर दुरुस्त केला असता. आता तो वाजेल आणि लोक घरातच बसून राहतील. बाबा तर काठावरच असतात.

त्याच दिवशी मी तुमचा प्रोग्राम उघडला आणि इतक्या वर्षांनी तुम्ही शिकवलेलं केलं. एकदा जुन्या प्रोसेसरसाठी असेंब्ली काढली, एकदा नव्या, आणि दोन्ही शेजारी लावून मोठ्यानं वाचायला लागले. ऑफिसातले माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही पाण्याचा आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे दोनशे छप्पन्नच आकडे मावतील एवढ्या जागेत, ठेवला होता, जुन्या चिपमध्ये जागाच तेवढी. जुन्या प्रोसेसरचा कंपायलर त्या बाइटमधलं उणे हे उणेच समजत होता. नव्याच्या कंपायलरच्या रिवाजात साध्या बाइटला उणे नसतंच. एक वीत खाली म्हणजे उणे एक, ते त्यानं दोनशे पंचावन्न म्हणून वाचलं. गोट्याच्या दोनशे पंचावन्न वीत वर पाणी. भोंगा ओरडेल नाही तर काय करेल? उणे आकडा येणार असेल तर तसं सांगणारा एक शब्द प्रोग्राममध्येच लिहायचा असतो, मशीनच्या मर्जीवर सोडायचा नसतो. हे मला कुणी शिकवलं? तुम्ही. तो शब्द विसरला म्हणून तुम्ही माझे निम्मे मार्क कापले होते. आणि तुमच्या ओळीत तो शब्द नव्हता. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पेटी बसवण्याआधी असेंब्ली मी वाचायला हवी होती, हे मला मान्यच आहे. पण मला धक्का त्याचा नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या मला तुमचा भयंकर राग आला, मॅडम. गेलेल्या माणसावर एवढं रागावता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

शब्द घातला, पाणी गोट्याच्या खाली, वर, बरोबर माथ्यावर, सगळं तपासलं आणि गावी जाऊन प्रोग्राम पेटीत भरला. भोंगा गप्प राहिला. पण गोणपाट काढायला कुणी तयार होईना. शाळेसमोर सगळे बसले होते. मी प्रोसेसर, बाइट, काय काय सांगत सुटले, आणि ती बाळंतीण पोर बाळाला मांडीवर घेऊन माझ्याकडे नुसती पाहत होती. तिची सासू म्हणाली, "तू शिकेल हायेस, तू सांगशील तसं. पर पुन्हा असं होनार नाई हे काऊन मानावं आमी?"  तेव्हा बाबांनी विचारलं, "मॅडम असत्या तं असं झालं असतं काय?"

 गावातल्या लोकांना मशीनचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी विश्वास ठेवला होता तो मायच्या चुलीपाशी बसून वडे खाल्लेल्या बाईवर, आणि आता तो उरला आहे की नाही एवढंच त्यांना कळायला हवं होतं. मी म्हणाले, "नाई, बाबा. मॅडमनं बरोबरच लिवलं होतं. नवीन पेटीत मी बिघडवलं, आता तसंच्या तसं करून देल्लं."  बाबा उठले, स्वतः शिडी लावून खांबावर चढले आणि गोणपाट ओढून काढलं. खाली आल्यावर चारचौघांत मला म्हणाले, "मॅडम शिकवे तसं वाचत जाय ना मंग." मी मान खाली घालून हो म्हणाले. बाळंतिणीची सासू हसली, आणि लोक आपापल्या कामाला लागले.

पाऊस अजून दूर आहे, पण आता भोंगा वाजला तर ते उठतील. तुमचं नाव प्रोग्रामच्या माथ्यावर होतं तिथंच आहे, आणि मी घातलेल्या शब्दाशेजारी तो का घातला हे लिहिलेलं नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, म्हणून एवढं सांगते. काल मी तुमचा जुना प्रोग्राम पुन्हा दोन्ही प्रोसेसरसाठी कंपाइल केला आणि पहिल्यापासून वाचून काढला, कुठं तरी माझीच चूक निघेल या आशेनं. निघाली नाही.