कपाळावरचा ठिपका

मास्ट्रिख्ट

तीर्थरूप आईला लांबून वाकून नमस्कार.

मी बरी आहे. अक्षर वाकडं आलंय ते थंडीने. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमच्या स्टुडिओत दुरुस्तीला जुनी जपानी चित्रं आलीत, लाकडी ठशांनी छापलेली. केस विंचरणाऱ्या, नटूनथटून निघालेल्या बायकांची. आज त्यातलं एक खाली पडलं आणि त्याला माझा पाय लागला. सवयीने हात चित्राला, मग कपाळाला, पुन्हा चित्राला लावला. तू पाठवलेलं कुंकू बोटाला आलं होतं. ते नेमकं त्या बाईच्या कपाळावर उमटलं.

अजून कोणी पाहिलेलं नाही. नोकरी गेली तर इथे राहता येणार नाही. बाबांना सांगू नकोस.

उद्या स्टुडिओच्या मॅडम बघतील आणि म्हणतील, पुसून टाक. आई, बाईचं कुंकू मी कसं पुसू?

तुझी वल्लरी