हयातीपुरते घर

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, शिवाय विधी महाविद्यालयाच्या संध्याकाळच्या वर्गात तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि यापुढे करायला सवड मिळेल असे डॉक्टरांना वाटत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. बाकीच्या शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही, पण कायद्याला फक्त डोके लागते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी नणंद समोर बसून "अक्षर जरा सुटं काढ, मुंग्या चालल्यासारखं नको" असे म्हणते आहे. त्याला दबाव म्हणत नाहीत.

नणंद म्हणजे माझ्या पतीची थोरली बहीण. त्यांना मी वन्सं म्हणते व या कागदातही तेच म्हणणार. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत, अविवाहित आहेत, डाव्या डोळ्याने त्यांना दिसत नाही. मी गेल्यावर त्यांनी कुठे राहायचे, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे. बाकीची कलमे भर म्हणून आहेत.

कलम १. घर

मी राहते ते घर माझ्या मालकीचे नाही, म्हणून ते मी कोणालाही देऊ शकत नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे छापखान्याची भिंत. पतीने स्वतःच्या कमाईतून घेतले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी वकिलांना घरी बोलावले. मी चहा गाळत होते, वन्सं उशाशी बसल्या होत्या. पती म्हणाले, "या दोघी आहेत तोवर इथेच राहतील. मग पुतण्याला जाऊ दे." वकिलांनी मान डोलावली, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी टाइप करून आणले की, पत्नीने हयात असेपर्यंत घराचा उपभोग घ्यावा व तिच्या पश्चात पुतण्या पूर्ण मालक व्हावा. वन्संचा उल्लेख कुठे नाही. वकिलांच्या मनात पाप नव्हते. त्यांच्याकडे एक तयार नमुना होता आणि त्या नमुन्यातल्या घरात एकच बाई असते. पतीच्या अंगात ताप होता. त्यांनी वाचून न घेता सही केली.

पती गेल्यावर कागद वाचला तेव्हा मी वकिलांकडे धावले. ते म्हणाले, "अहो, त्या तर घरच्याच आहेत. त्यांना कोण काढतंय?"

पुढच्या महिन्यात पुतण्या मोजपट्टी घेऊन आला. त्याचे मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान आहे, पोरे मोठी होताहेत, माल ठेवायला जागा नाही. मुलगा वाईट नाही. माझ्या दुखण्यात त्याने दोनदा गाडी पाठवली. भिंती मोजून झाल्यावर तो म्हणाला, "काकू, तुम्ही निवांत राहा, मला काही घाई नाही." मी विचारले, "आणि आत्या?" तो म्हणाला, "आत्याचं मग बघू ना." हे "मग बघू" माझ्या डोक्यातून जाईना. पुढे मी कायद्याच्या पदवीला नाव घातले. बी. ए. मी लग्नाआधीच झाले होते. पुस्तके बांधताना त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता, आता प्रवेशाला तेवढा झाला.

कलम २. शिक्षण, व त्यातून काय निघाले

वकिलांची पुस्तके मी जन्मभर बांधली. वन्सं छापील पानांचे फर्मे शिवायच्या, मी पुठ्ठा चढवायचे. मला वाटे, इतक्या जाड पुस्तकांत एका म्हातारीपुरती ओळ नक्की असेल. ती शोधायला मी गेले होते. नोकरीसाठी नाही, की काळ्या कोटासाठी नाही.

पहिल्या वर्षी आम्ही करार शिकलो. वन्संनी शिलाईची मजुरी आयुष्यभर या घरात घातली, त्या बदल्यात राहायचे असे सगळ्यांना ठाऊक होते. मी वर्गात उभी राहून विचारले, हा करार नाही का? प्राध्यापक बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण वर्गातल्या पोरांबरोबर त्याही मला आजी म्हणतात. म्हणाल्या, "आजी, घरातल्या घरात एकमेकांसाठी करतो त्याला कायदा करार मानत नाही. पावती आहे का?" आता मजुरीचे पाकीट भावाच्या हातात ठेवून कोण पावती मागते?

राज्यघटना शिकताना मात्र मला फार बरे वाटले. माणसाला नुसते जगण्याचा नाही, सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, आणि त्यात डोक्यावरचे छप्पर येते. मी घरी येऊन चप्पल काढायच्या आधी वन्संना सांगितले. त्या सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "चांगलंच आहे की. पण हा हक्क मागायचा कुणाकडे?" मी दुसऱ्या दिवशी बाईंना विचारले. सरकारकडे मागायचा असतो. पुतण्याकडे मागता येत नाही.

दुसऱ्या वर्षी पुरावा. पतीने तोंडाने "दोघी" म्हटले होते, ते ऐकणारी मी जिवंत आहे, वन्सं जिवंत आहेत. पण जिथे कागद झालेला आहे, तिथे कागदाच्या विरुद्ध तोंडी बोलणे कोर्ट ऐकत नाही. मग मालमत्तेचा कायदा आला. जागा बळकावून बसलेला माणूस पुरेशी वर्षे टिकला तर कधीकधी मालक होतो, आणि मायेने ठेवून घेतलेले माणूस कितीही वर्षे राहिले तरी परवानगीनेच राहिलेले असते. वन्संनी सुरुवातीलाच भावाशी भांडून एखादी खोली दाबली असती तर आज मला हे लिहावे लागले नसते. हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "आधी सांगायचंस, भांडले असते की."

कौटुंबिक कायद्याच्या पेपराच्या आधी मला एक नियम सापडला. विधवेला मिळालेला हयातीपुरता हक्क पोटगीच्या बदल्यात असेल तर तो पूर्ण मालकीचा होतो. मी ग्रंथालयातच रडले. घर माझे होणार आणि मी ते वन्संच्या नावाने करणार. चार दिवस आम्ही दोघी राण्यांसारख्या वागलो. वन्संनी खिडकीला नवे पडदे शिवले, पडद्यांना कुठला रंग चालेल यावर आमचे भांडणही झाले. पाचव्या दिवशी मी त्याच कलमाचा पुढचा भाग वाचला. मृत्युपत्रानेच जर हक्क मर्यादित दिलेला असेल, तर तो मर्यादितच राहतो. बाईंनी वरच्या कोर्टांचे निकाल काढून पाहिले. एका वकिलालाही दाखवले. त्यांनी हेच सांगितले आणि फी घेतली नाही, त्यावरून काय ते मी समजले.

म्हाताऱ्या माणसांना कोणी पोसायचे याचीही कायद्यात यादी आहे. आई आहे, बाप आहे, बायको, मुले आहेत. भाच्याने आत्याला पोसावे असे कुठे नाही.

कलम ३. चषक

दुसऱ्या वर्षी आमचे अभिरूप न्यायालय झाले. त्यात विद्यार्थी वकील होतात, खोटा खटला खऱ्यासारखा लढतात आणि खरे न्यायाधीश येऊन गुण देतात. बाईंनी तो खटला माझ्या वर्गातल्या प्रश्नांवरूनच रचला होता: भावाच्या घरात राहिलेली म्हातारी आणि तिला जायला सांगणारा नवा मालक. त्यांना वाटले, आजीचे मन मोकळे होईल. बाजू मात्र चिठ्ठ्या टाकून ठरतात. मला मालकाची बाजू आली.

मी ती बाजू मांडली. दोन वर्षे मला जी जी उत्तरे मिळाली होती, ती सगळी मी एकापाठोपाठ एक समोरच्या मुलावर फेकली. करार नाही, पावती नाही, तोंडी पुरावा चालत नाही, परवानगीने राहिलेली बाई, यादीत आत्या नाही. त्या पोराला घाम फुटला. मला उत्कृष्ट वक्त्याचा चषक मिळाला. घरच्यांना बोलावले होते, वन्सं मागच्या बाकावर बसून सगळे ऐकत होत्या.

बसस्टॉपवर त्या म्हणाल्या, "छान बोललीस गं."

"वन्सं, मला चिठ्ठीत ती बाजू आली हो."

"अगं, ते कळलं मला. पण त्या मुलाला तुझ्यावर एक उत्तर सुचेना. खरंच काही नाही का गं?"

मी म्हटले, "नाही."

"बरं झालं. एकदाचं कळलं," असे म्हणून त्यांनी पाकिटातून तिकिटाचे सुटे पैसे काढले. तो चषक कोणालाही देऊ नये, भंगारात घालावा.

कलम ४. माझ्या मालकीच्या वस्तू

बांगड्या, बँकेतून काढून आणलेले औषधपाण्यातून उरलेले पैसे, आणि माझ्या सगळ्या सुया मी याआधीच वन्संच्या हातात ठेवल्या आहेत. जंगम वस्तू हातात दिली की दान पूर्ण होते, मग त्यावर कोणी हरकत घेऊ शकत नाही. एवढा एक नियम माझ्या कामी आला. पण तेवढ्यावर घर उभे राहत नाही. भाड्याने खोली मिळते का हेही मी फिरून पाहिले. एकट्या म्हातारीला घरमालक खोली देत नाहीत, आणि देतात तिथे जिना असतो. या घरात वन्संना दिसण्याची गरज पडत नाही. किटली कुठे, उंबरा कुठे, हे त्यांच्या हातापायांना माहीत आहे.

पुस्तके दाबायचा लाकडी शिकंजा, पुठ्ठे कापायची सुरी आणि खळीचे भांडे महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावे. तिथली पुस्तके बघून माझा जीव जळतो. ज्याने कोणी फौजदारी कायद्याची प्रत चिकटपट्टीने जोडली आहे, त्याला हात लावू देऊ नये.

माझी कायद्याची पुस्तके माझ्या बाकावरच्या सोबत्याला द्यावी. तो बस कंडक्टर आहे, ड्यूटी संपवून गणवेशातच वर्गात येतो आणि पहिल्या दहा मिनिटांत पेंगतो. त्याने ती वाचावी. समासात मी पेन्सिलीने "वन्सं?" असे जिथे जिथे लिहिले आहे ते खोडून टाकले तरी चालेल.

माझे शेवटचे सत्र राहिले आहे. पदवी मिळालेली नाही, त्यामुळे भिंतीवर लावायला कोणाला काही देता येत नाही.

कलम ५. ज्यांना मी माफ केलेले नाही

पतीच्या मृत्युपत्राचे वकील. ते वारले आहेत, तेव्हा त्यांना याने काही फरक पडत नाही. त्यांचा मुलगा त्याच खुर्चीवर बसतो आणि तोच नमुना वापरतो. मी त्याच्याकडे जाऊन म्हटले, "बाबा रे, त्यात एक ओळ घाल, घरात आणखी कोण राहतं ते विचारावं म्हणून." तो "हो, हो" म्हणाला. नंतर त्याने केलेला एक कागद आमच्या वर्गात नमुना म्हणून वाटला गेला. ओळ नव्हती.

पतीवरही माझा राग आहे. चष्मा उशाखालीच होता.

कलम ६. इच्छा

मृत्युपत्रात "माझी अशी इच्छा आहे" एवढेच लिहिले तर ते कोणावर बंधनकारक नसते. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता, मी बरोबर लिहिला आणि पूर्ण गुण मिळवले. तरी लिहिते. माझी अशी इच्छा आहे की पुतण्याने आत्याला या घरात राहू द्यावे. सगळे घर नको. पुढची खोली पुरे, कारण त्या खिडकीशी त्यांना उजव्या डोळ्याने दोरा ओवता येतो. मागच्या खोलीत त्याने माल ठेवावा, त्या काही बोलणार नाहीत. बोलल्या तर ऐकून घ्यावे. बाळा, मी तुला काकू म्हणून हात जोडते. कायद्याने तू नाही म्हणू शकतोस. म्हणशील असे मला वाटते, आणि तुझ्या जागी वकील म्हणून उभी राहिले तर मीही तुला तेच सांगेन.

कलम ७. व्यवस्थापक आणि साक्षीदार

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या बाकावरच्या कंडक्टर सोबत्याने करावी. त्याला पुस्तके मिळणार असल्याने त्याला साक्षीदार घेतलेले नाही.

पहिल्या साक्षीदार आमच्या प्राध्यापक बाई. त्या आता इथे बांधणीच्या टेबलाशी बसल्या आहेत आणि मी लिहिते ते उलट्या बाजूने वाचत आहेत. दुसऱ्या साक्षीदार म्हणून पलीकडच्या घरातल्या शेजारीण येणार होत्या, त्या लेकीकडे गेल्या. बाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याच्या साक्षीवर कोर्ट संशय घेतं, ज्याला काहीच मिळत नाही असं माणूस हवं. वन्संनीच विचारले, "मग मी चालेन ना?" बाईंनी सगळी कलमे पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि म्हणाल्या, "हो. तुम्ही चालता."

साक्षीदाराचा पत्ता असा द्यावा लागतो की, लिहून देणारी व्यक्ती वारल्यावर कोर्टाला साक्षीदार तिथे सापडेल. हे बाईंनी वन्संना समजावून सांगितले आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोघी साक्षीदारांच्या देखत सही केली. माझ्या देखत त्यांनी केली.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : १९ ऑगस्ट

लिहून देणार : (सही)

साक्षीदार पहिली : (सही)
धंदा : अध्यापन. पत्ता : विधी महाविद्यालय, कर्मचारी निवास, तळमजला.

साक्षीदार दुसरी : (सही)
धंदा : शिलाई. नाते : नणंद. या मृत्युपत्रातून लाभ : काही नाही.
पत्ता : मागाहून कळवते.