मधमाश्यांची सूज

दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. बाबा बरे आहेत. चहात साखर घालायला विसरतात आणि दोष चहापत्तीला देतात. माझी परीक्षा चांगली झाली. छकुलीचे दात पडू लागल्याचे वाचून आम्ही दोघेही हसलो.

तुझे पत्र येऊन बरेच दिवस झाले. डॉक्टरांनी आईच्या गोळ्या एकाएकी थांबवल्या, म्हणून तू त्यांच्याविरुद्ध तक्रार करणार आहेस. उत्तर लिहायला बसले, की मी अभ्यासाचेच लिहीत राहते. आजही तेच करते.

प्रयोगशाळेत परवा दोन उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसतात त्या. एका उंदराला दीर्घकाळ स्टेरॉइड दिलेले. त्याच्या ग्रंथी सुकून मोहरीएवढ्या झालेल्या. बाहेरून आयते मिळू लागले, की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी त्यांना हाक मारणे सोडते, आणि हाक नाही म्हणून त्या निजतात. मग बाहेरचा पुरवठा अचानक तुटला, तरी त्या लगेच जाग्या होत नाहीत. अशा वेळी साधा तापही शरीराला पेलत नाही.

मी चिमटा खाली ठेवला आणि बाहेर आले.

ताई, डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या नव्हत्या. "दम्यापेक्षा या स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं सोडणं वाईट," असे त्यांनी आईला माझ्यादेखत बजावले होते. आईच्या तेराव्यानंतर आवरताना त्या गोळ्या मला तिच्या शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यात सापडल्या.

मागच्या खेपेला तुम्ही आलात, तेव्हा त्या गोळ्यांनी आईचा चेहरा सुजून गोल झाला होता. छकुली दारातच रडली, "ही माझी आजी नाही!"

"खरंय गं बाई, आजीला मधमाश्या चावल्यात," आई म्हणाली, आणि आपण सगळे हसलो. तुम्ही गेल्यावर सुईत दोरा ओवता ओवता ती पुटपुटली, "पुढच्या वेळी पोरीला तिची आजीच दाखवते."

ताप येण्याआधी तिचे गाल उतरू लागले होते. बाबा तर म्हणाले, "आता कशी माझी बायको दिसतेस!" ती लाजली होती, ताई.

त्या भल्या माणसाविरुद्ध तक्रार करू नकोस. आणि छकुलीला यातले काहीही कळू देऊ नकोस. तिने विचारलेच, तर एवढेच सांग, की मधमाश्यांची सूज उतरली होती, आजी पुन्हा आजीसारखी दिसत होती. मावशीने पाहिले आहे.

रागाने का होईना, पण हाक मार.

तुझी,
धाकटी