कलेजीची नळी

५ फेब्रु.
या घरात माझा शब्द कुणी ऐकत नाही. छतावर माझ्या भुऱ्या कबुतराचं पिल्लू मेलं, घशात पिवळा चिकटा. नात ऋचा, जनावरांची डॉक्टरकी शिकते, तिनं कॉलेजातून दोन नळ्या आणल्या. म्हणे भुऱ्याच्या घशात बोळा फिरवायचा, तिथंच नळीतल्या रसात बुडवायचा, ऊब द्यायची. कीड असली तर वाढते. एकीत साखर-मिठाचा रस, दुसरीत कलेजीचा. कलेजी, माझ्या देवघरासमोरून. म्हटलं, ती उंबऱ्याबाहेर.
"आजी, दोन्हींची तुलना करायचीय."
"तुलना सासरी कर."

९ फेब्रु.
साखरेच्या नळीत काही नाही. ऋ. म्हणते, एकीवर भरवसा नको. भुऱ्या दाणे खातो, छाती काढून फिरतो, अजून काय पाहिजे? शेजारचा शकील कधीचा मागे लागलाय, "काकी, भूरा जोड़ी के लिए दे दो ना." दिला.

१४ मार्च
शकीलकडे भुऱ्याची दोन पिलं निघाली. टावर चौकातून पेढे आणून दिले त्यानं. माणूस कबुतरापायी वेडा.

२३ मार्च
शकील छतावरून म्हणाला, एक पिल्लू चोच उघडी ठेवून बसलंय, ठंड लगी होगी. आमचं मेलेलं पिल्लूही असंच बसायचं. ऋ.ला म्हटलं, जा, दोन्ही नळ्या घेऊन जा. कलेजीचीसुद्धा. भुऱ्याच्याही घशात पुन्हा बोळा फिरव.

२५ मार्च
ऋ.नं कॉलेजातून मोबाईलवर सूक्ष्मदर्शकाखालचे दोन्ही नळ्यांचे थेंब दाखवले. घसा तोच, भुऱ्याचा. साखरेचा थेंब शांत. कलेजीच्या थेंबात तापल्या तव्यावर पाणी नाचतं तसे किडे. आणि भुऱ्या धडधाकट.
कबुतरांत बापही गळ्यातलं दूध पिलांना भरवतो, हे लहानपणापासून माहीत. कीडही त्यातूनच जाते, हे नव्हतं. म्हणजे तो मायेनं भरवतोय आणि…

संध्याकाळी
पिल्लू गेलं. दुसरं अजून चोच मिटतं, म्हणजे बरं आहे. ऋ. म्हणते औषध आहे, पण शकीलच्या सगळ्या कबुतरांना द्यावं लागेल, आजच्या आज. मुलगा म्हणतो, "आई, औषध दे, कारण कशाला सांगतेस? त्याला काय कळतंय." याला मी शिकवलं तरी काय?
शकीलला निरोप धाडलाय. येतोय. ऋ.नं औषध कसं द्यायचं तेवढंच सांगावं. बीमार कबुतर दिलंच कसं, असं त्यानं विचारलं तर घरात कुणी तोंड उघडायचं नाही. उत्तर मी देणार: कलेजीची नळी मीच अडवली होती.