नदीच्या उतारावर उलटलेल्या गाडीबद्दल इस्साक मामांस

कौतोकेइनो, एप्रिलातला दुसरा रविवार

तीर्थरूप इस्साक मामांस रिस्तिनचा नमस्कार, आणि तुमच्या खिडकीसमोरच्या समुद्रालाही (त्याच्याशी तुमचं अजून पटलेलं नाही, असं तुमची लेक बिरेत कळवते). आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे माणसं ठीक आहेत, बाकीचं पुढे येईलच. तुमच्या खाण्याचे हाल होत नाहीत ना? ती तुम्हाला वाफवलेल्या भाज्या वाढते हे ऐकून आमच्या घरात सगळ्यांनी टोप्या काढल्या. सोबत वाळवलेल्या मांसाची पिशवी पाठवते आहे. ते औषध म्हणून खा, म्हणजे तिला विचारावं लागणार नाही. पत्र आणि पिशवी बसवाल्या क्लेमेतच्या हाती देते, उद्या दुपारी मिळेल. फोनच केला असता, पण तुम्ही फोन कानापासून हातभर लांब धरून बोलता आणि घरातली गोष्ट खालच्या तीन मजल्यांना कळते. ही गोष्ट इथल्या सगळ्या गावाला आधीच कळलेली आहे, निदान तुमच्या इमारतीत तरी माझी थोडी अब्रू राहू द्या.

मंगळवारी कळप निघतोय. पोटुशा माद्या आठवडाभर उत्तरेकडे तोंड करूनच उभ्या आहेत, चारा टाकला तरी मान तिरकी करून खातात. यंदा पहिल्यांदाच पुढची गाडी माझी. तीस वर्षं ती तुमची होती. शरदात तुम्ही सगळ्यांसमोर ती मला देऊन टाकलीत, तेव्हा तुमचा पुतण्या नीलास फक्त ‘हं’ म्हणाला होता (नीलासचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्या कुणाचं तासाभराचं भाषण). पुढच्या गाडीच्या मागे दोर, दोराला घंटावाला वाटाड्या रेनडियर आणि त्याच्या मागे अख्खा कळप, हे सगळं आपल्या पाठीमागून येतंय, या विचाराने मी हिवाळाभर झोपेतही ताठ बसत होते. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, पुढे एकदा जो गेला तो गेलाच. एका वर्षी जागा सोडली की पुढच्या वर्षी ती मागायला तोंड राहत नाही. म्हणूनच आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, जे झालं ते व्हायला नको होतं.

झालं ते एवढंच, की स्नोमोबाइल उलटली. नदीच्या त्या उतारावर, जिथे तुम्ही मला पंधराव्या वर्षी सांगितलं होतंत की मागे वळून बघायचं नाही. मी मागे वळून बघितलं. दोर नीट पडलाय का ते बघत होते, असं मी आता गावात सांगितलंय. खरं म्हणजे मागे कळप असल्यावर आपण कशा दिसू, ते बघत होते. मागे काहीच नव्हतं, मग पुढेही काही राहिलं नाही. गाडीचा पट्टा आभाळाकडे, दोन्ही स्की आभाळाकडे, आणि मी कमरेपर्यंत बर्फात. मला खरचटलंसुद्धा नाही. आपल्याकडे गाडी उलटली की माणूस आधी हाडं बघत नाही, कुणी पाहिलं का ते बघतो. मी बघितलं. खाली नदीच्या बर्फात भोक पाडून, बादलीवर बसून, गळ टाकून, लग्नाकार्यात गाणारा आपला हेइक्का बसला होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत भोकात बघू लागला. मदतीला आला नाही. मागितल्याशिवाय मदत करणं म्हणजे समोरच्याचा अपमान, ही आपली जुनी सभ्यता. (मागितल्याशिवाय एखाद्याचं योइक, म्हणजे त्या माणसाचं सुरांत काढलेलं चित्र, गाणं मात्र त्याच सभ्यतेत बसतं. पण ते नंतर.)

पाव तास बर्चच्या दांडक्याने रेटून मी गाडी उताराच्या मदतीने सरळ केली. आता अशा वेळी काय करायचं असतं ते मलाही ठाऊक आहे, तुम्हालाही आहे, आणि आपल्या कळपातल्या लहान पोरांनाही आहे. गाडी उलटी पडली की इंजिनातलं तेल नको त्या वाटेने हवेच्या पेटीत शिरतं आणि तिथून सिलिंडरमध्ये. म्हणून स्पार्क प्लग काढायचे, इंजिन तसंच मोकळं फिरवायचं, तेल पिचकारीसारखं बाहेर उडतं, हवेची पेटी पुसायची, प्लग लावायचे आणि मगच चालू करायचं. अर्ध्या तासाचं काम. पण त्या अर्ध्या तासात हेइक्का बादलीवर बसून बघत राहणार! आपल्यातलं कुणीही जे केलं असतं तेच मी केलं. रुबाबात बसले, आणि काहीच घडलं नाही हे इंजिनाच्या आवाजाने सिद्ध करायला चावी फिरवली. ढब! एकदाच. मग शांतता. दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा गाडी चालू झाली खरी, पण निळा धूर सोडत, टक टक टक करत. मी हेइक्काला हात हलवला आणि धुरातून निघून गेले. थाटात, असं मला तेव्हा वाटलं होतं.

घराच्या दारात गाडी बसली ती बसलीच. मग सीमेपलीकडच्या तौनोला बोलावलं. तौनो फिनलंडचा, वर्षातून जेमतेम चाळीस शब्द खर्च करतो, म्हणून दुसऱ्याच्या शब्दांवर त्याचा फार विश्वास. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चालता चालता बंद पडली. झालं! बिचाऱ्याने आठवडाभर ‘चालता चालता बंद पडली’ या रोगावर इलाज केला. पेट्रोलचा पंप उघडला, गाळणी बदलली, बॅटरी तपासली, एकेक वायर हातात धरून सोडली. हवेच्या पेटीत तेल सापडलं, तेव्हा म्हणाला, हे इथे कसं? मी म्हटलं, थंडीने. काचेला तडा कसा? तो आधीपासूनच आहे. काचेच्या वरच्या फटीत विलोची डहाळी अडकलेली निघाली, ती त्याने दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली. मी म्हटलं, परवा वारा फार होता. तौनोने ती डहाळी जपून खिशात ठेवली आणि कॉफी मागितली. कॉफीत आपल्या रिवाजाने घातलेले चीजचे तुकडे चमच्याने काढून खात तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. खोटं बोलणाऱ्या बाईकडे नाही, खोटं बोलणाऱ्या इंजिनाकडे बघावं तसा.

काल मारितच्या मुलीचं लग्न झालं. आठशे माणसं, ताटात रेनडियरची उकडलेली जीभ, सगळे ठेवणीतले कपडे घालून. जेवणं रंगात आली आणि हेइक्का उठला. त्याने गायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन सुरांतच मी ओळखलं की ही मीच आहे. बाबांनी माझ्या लहानपणी जे योइक केलं होतं ते नाही. हे नवं. सुरुवातीला छान घंटा वाजते, ताठ बसलेली बाई डुलत येते, मग सूर वळून मागे बघतो, लो लो लोऽऽ करत उतारावरून घरंगळतो. मग काहीच नाही, नुसता श्वास. (श्वास चांगला लांब होता, पाव तासाचा हिशेब त्याने त्यातच उरकला.) मग ढब! आणि मग जीभ टाळूला लावून टक टक, टक टक. हॉलमधली माणसं टेबलावर डोकं ठेवून हसत होती. नवरीसुद्धा.

तौनो हसला नाही. त्याचा काटा तोंडाजवळ थांबलेला.

“परत,” तो म्हणाला.

हेइक्का फुशारला. एवढी दाद त्याला फिनलंडकडून कधी मिळाली नव्हती. त्याने परत म्हटलं.

“शेवट फक्त. ढबपासून.”

तेही म्हणून झालं. मग तौनोने अख्ख्या हॉलच्या डोक्यावरून मला विचारलं, “रिस्तिन, उलटली होती?”

“थोडी.”

“थोडी म्हणजे?”

“पूर्ण. पण थोडा वेळ.”

“आणि सरळ केल्या केल्या चावी फिरवलीस. प्लग न काढता.”

“तौनो, तिथे हेइक्का बसला होता. तूच सांग, काय करायचं होतं मी?”

यावर मात्र त्याने गंभीरपणे मान डोलावली, ते त्याला पटलं. ताट तसंच टाकून, लग्नाच्या कपड्यांत, तो आमच्या शेडमध्ये गेला. मी मागून गेले, आणि माझ्यामागून हातात कॉफीचे पेले घेऊन निम्मं वऱ्हाड. त्याने माझ्या विणकामाच्या दोन सारख्या सुया मागितल्या, प्लगच्या दोन भोकांत एकेक उभी घातली आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. दोन्ही पिस्टन आळीपाळीने वर आले, पण एक सुई दुसरीपेक्षा बोटाच्या नखाएवढी कमी वर आली. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पिस्टन तेलावर आदळला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. आठवडाभर सगळी यंत्रं लावून जे सापडलं नाही, ते लोकांनी माझी टिंगल केली म्हणून सापडलं. हेइक्का आता गावभर सांगत फिरतोय की तोही मेकॅनिक आहे.

नवा रॉड दक्षिणेकडून बुधवारच्या बसने येतोय. जोडायला दोन दिवस, म्हणजे शुक्रवार. कळप निघणार मंगळवारी. ज्याची त्याची गाडी ज्याला त्याला लागते, उसनी मागायची सोय नाही. नीलासला हे कळल्यावर तो स्वतः चालत आला, टोपी काढली आणि गोड आवाजात म्हणाला, “काही काळजी करू नकोस ताई. यंदा मी जातो पुढे. तू माझ्या मागच्या घसरगाडीत बस, मऊ कातडं अंथरतो. आजीसुद्धा शेवटी शेवटी तिथेच बसायची.” मामा, मी एक्कावन्न वर्षांची आहे. त्याला कॉफी दिली, तीही कालची.

असो. होणार होतं ते झालं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, भाज्या खा, समुद्राशी जमवून घ्या. बिरेतला आशीर्वाद.

तुमची भाची,
रिस्तिन

ता. क. गुडघा कसा आहे? सहज विचारते. तुम्ही गेल्यापासून इथे वादळाचं आधी कुणालाच कळत नाही. नीलास मोबाइलवर हवामान बघतो, पण काल लग्नातसुद्धा तो ज्याला त्याला विचारत होता, काकांचा गुडघा काय म्हणतो? तर तो गुडघा जर सोमवार संध्याकाळपासून दुखू लागला आणि शुक्रवारी सकाळी थांबला, तर तसं बिरेतच्या फोनवरून नीलासला कळवावं. मला कळवू नका, मला यातलं काही माहीत नाही.

आणखी ता. क. फार सजवून सांगू नका. मागच्या वेळी तुम्ही एवढं कण्हलात की वादळ आलं तेव्हा लोकांना ते कमीच वाटलं. “जरा ओढ आहे,” एवढंच पुरे.

शेवटचं ता. क. पाकीट बंद करून पुन्हा उघडलं आहे. आत्ता स्कीवरून कळपाकडे जाऊन आले. बर्फाचं वरचं कवच सकाळी माणसाला पेलतं, पण नदीच्या काठाशी खालून पाण्याचा आवाज येऊ लागलाय. तीन दिवस थांबलं तर या पोट ओढत चालणाऱ्या माद्या पलीकडे कशा जाणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मामा, गुडघा खरंच दुखत नसेल तर दुखवू नका. वरची दोन्ही ता. क. फाडून टाका. मी बसेन नीलासच्या घसरगाडीत, कातड्यासकट. बिरेतच्या फोनवरून फक्त हेइक्काला तेवढं सांगा, की मंगळवारी मासे धरायला त्याने दुसरी एखादी नदी बघावी.